चेहऱ्यावरचे गजकर्ण

चेहऱ्याच्या त्वचेला डर्मॅटोफाइट गटातील बुरशीमुळे होणारा संसर्ग. ही बुरशी त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील केराटिन या कडक प्रथिनावर जगते. ग्रामीण विदर्भात नायटा, दाद ही नावेही चालतात. पावसाळ्यात रोग बळावतो. निंदणाला जाताना तोंडाला गुंडाळलेला, घामाने भिजलेला दुपट्टा घरातल्या दोघातिघांनी वापरला की रोग एकाचा दुसऱ्याला लागतो. वासराच्या तोंडावर केस झडलेल्या करड्या चकत्या असतील, तर त्याला बिलगणाऱ्या मुलाच्या गालावरही तो उठतो.

नमुनेदार चट्टा गोल, खाजरा असतो. कडा किंचित उंच, बारीक कोंड्याची. मधला भाग निवळलेला. सावळ्या रंगावर लाली दिसत नाही, तपकिरी कडा दिसते. चेहऱ्यावर मात्र पूर्ण वर्तुळ क्वचितच सापडते. नाकाशेजारी किंवा कानापुढे अर्धीच कमान असते, कोंडाही जेमतेम. म्हणून रुग्णाला दारात, तिरप्या उजेडात बसवून कडा पाहावी आणि मान, काख, जांघही तपासावी. शंका राहिल्यास कडेचा कोंडा खरवडून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फांद्या फुटलेले तंतू दिसतात.

ओळख चुकण्याचे मोठे कारण म्हणजे मेडिकलमधून परस्पर आणलेली स्टेरॉइडमिश्रित ट्यूब. दोन-चार दिवसांत खाज थांबते, कडा पुसट होते, बुरशी मात्र पसरत राहते. ट्यूब सोडली की चट्टा दुप्पट जोराने उठतो. त्यामुळे 'आधी काय लावलं होतं?' हा प्रश्न विचारल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही.

मुलांच्या गालावरचे फिकट, कोरडे डाग बहुधा बुरशीचे नसतात. जंत किंवा कॅल्शियमशी त्यांचा संबंध जोडणेही चूक. कुष्ठरोगाचा विचार मात्र टाळता येत नाही. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले, त्या या प्रदेशात हा रोग आजही आढळतो. त्याचा चट्टा सहसा खाजत नाही, बधिर असतो. पण चेहऱ्याला नसांचे (मज्जातंतूंचे) जाळे दाट असल्याने तिथल्या चट्ट्याची संवेदना शाबूत राहू शकते; टोचलेले कळते म्हणून कुष्ठरोग नाही, असे ठरवू नये. कानाच्या पाळ्या जाड झाल्या आहेत का, मानेची नस फुगली आहे का, हे पाहावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात कुष्ठरोगाचे औषध मोफत मिळते.

गजकर्णावर बुरशीनाशक मलम लावतात. दाढीच्या केसांत उतरलेल्या किंवा स्टेरॉइडने चिघळलेल्या संसर्गाला डॉक्टरांच्या सल्ल्याने पोटात गोळ्या लागतात. घरातील इतर बाधितांवर आणि वासरावरही त्याच वेळी उपचार करावे लागतात.