घाम टिपणारा सुती बनियन थंडी का वाजवतो?

‘आत सुती बनियन घाला, घाम टिपून घेतो.’ पुण्यात ट्रेकला किंवा टेकडीवर सायकल घेऊन निघालेल्याला हा सल्ला हमखास मिळतो. टिपून घेतो हे खरंच, अडचण तिथेच आहे. सुती धागा पाणी आत शोषतो आणि लवकर सोडत नाही. डिसेंबरात पहाटे सिंहगडाचा घाट चढताना हे जाणवत नाही. उतारावर पाय थांबतात, वारा लागतो आणि ओला बनियन पाठीला चिकटून हुडहुडी भरवतो. शिवाय ओल्या शिवणीने काखा सोलवटतात ते वेगळंच.

पॉलिएस्टरचा धागा ओलावा जवळजवळ शोषतच नाही. घाम धाग्यांमधल्या फटींतून बाहेर पसरतो आणि उडून जातो. त्यासाठी महागडा ब्रँड लागत नाही, फुटबॉलची साधी जर्सीही चालते. कापडाचं वजन १२० ते १५० जीएसएम (म्हणजे दर चौरस मीटरला इतके ग्रॅम) असावं. माप अंगाला बेतशीर हवं, कारण ढगळ कपडा त्वचेला टेकत नाही आणि घाम अंगावरच राहतो. घेण्याआधी आतल्या बाजूवर पाण्याचा थेंब टाका. तो पसरला तर ठीक, मण्यासारखा उभा राहिला तर परत ठेवा.

धुताना फॅब्रिक कंडिशनर टाळा. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम पसरेनासा होतो. पॉलिएस्टरला वास मात्र लवकर धरतो, म्हणून घरी आल्याआल्या पाण्यातून काढा.

एप्रिलच्या कोरड्या उन्हात सपाटीवर रमतगमत चालायचं असेल, तर सुती खुशाल घाला. तेव्हा ओलाव्याचा गारवा हवाच असतो.