रेंजफाइंडरसाठी लेन्स निवडताना, आणि ती आमच्याकडे पाठवताना

‘लेन्सचा फोकस चुकतोय, बघून द्या’ एवढीच चिठ्ठी घातलेली पार्सलं आमच्या लेन्स विक्री-दुरुस्तीच्या दुकानात सतत येतात. आत बहुतेक वेळा ५० मिमीची एफ/१.४ किंवा एफ/१.५ लेन्स असते (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, नसते. आम्ही लेन्स आमच्या तपासणीच्या बॉडीवर चढवतो, फोकस बरोबर येतो, लेन्स परत जाते आणि काही दिवसांनी पुन्हा येते. एक लेन्स अशी तीन वेळा आली. चौथ्या खेपेला बॉडी मागवून घेतली. लेन्स अनंतावर, म्हणजे फोकसच्या सर्वांत लांबच्या खुणेवर, लावून लांबच्या खांबाकडे पाहिलं, तर फाइंडरच्या (डोळा लावायच्या खिडकीच्या) मधल्या चौकटीत एकाचे दोन खांब दिसत होते. कॅमेरा कधीतरी पडला होता आणि दोष रेंजफाइंडरमध्ये, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस दाखवणाऱ्या यंत्रणेत, होता. दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. तोवर त्या ग्राहकाचे दोन महिने आणि कितीतरी रोल वाया गेले होते.

हे असं का होतं ते थोडक्यात सांगतो. एसएलआरमध्ये तुम्ही लेन्समधूनच पाहता, त्यामुळे दिसतं तेच फिल्मवर येतं. रेंजफाइंडर लेन्समधून काहीच पाहत नाही. लेन्सच्या मागच्या बाजूचा कॅम (फोकसबरोबर सरकणारी कड) बॉडीतल्या रोलरला किती ढकलतो, तेवढंच त्याला कळतं. कॅम आणि रोलर यांचा मेळ बसला, तरच दोन प्रतिमा जुळतात तिथे फोकस असतो. हा मेळ जोडीचा आहे, म्हणून एकटी लेन्स पाहून आम्ही अर्धंच उत्तर देऊ शकतो. बॉडीही मागतो ती याच कारणाने. काही जणांना हा जादा कामाचा बहाणा वाटतो, तसं नाही.

पाठवण्याआधी घरीच एक तपासणी करा. दोन वेगळ्या लेन्स आळीपाळीने लावून, अनंतावर ठेवून, रात्री चंद्राकडे बघा. दोन्ही लेन्सवर चंद्र दुहेरी दिसला, तर बहुधा दोष बॉडीत आहे. एकाच लेन्सवर दिसला, तर ती लेन्स किंवा तिचा अडॅप्टर (लेन्स बॉडीला जोडणारी रिंग) पाहावा लागेल. नंतर कॅमेरा तिपाईवर ठेवून १ मीटरवर वर्तमानपत्र तिरकं लावा, एका ओळीखाली पेनाने रेघ मारा आणि लेन्समधलं उजेडाचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून तीन फ्रेम काढा. दर वेळी फोकस अनंतावर नेऊन मग रेघेवर आणा. तिन्ही फ्रेममध्ये एकाच बाजूला चूक असेल, तर यंत्रणेत दोष आहे. कधी पुढे, कधी मागे असेल, तर फोकस जुळवण्यातच फरक पडतोय.

असा फरक पडला तर त्यात कमीपणा नाही. ५० मिमी, एफ/१.४, १ मीटर: एवढ्यावर स्पष्ट दिसणारी खोली सगळी मिळून जेमतेम ३ सेंटिमीटर असते. फोकस लावल्यावर समोरचा माणूस श्वास घेताना हलला तरी डोळा निसटतो. म्हणून पहिली लेन्स कोणती, असं विचारलं की आम्ही ३५ मिमी एफ/२ पुढे करतो. तिला त्याच अंतरावर साधारण ९ सेंटिमीटर मिळतात. एफ/८ वर ३ मीटरला लावून ठेवली, तर सुमारे १.९ ते ७ मीटरपर्यंतचं सगळं चालतं आणि रस्त्यावर फाइंडरकडे फक्त चौकटीपुरतं पाहावं लागतं. जास्त उजेडाची लेन्स विकण्यात आमचा फायदा जास्त आहे, तरीही सल्ला हाच.

बॉडीचीही मर्यादा असते. रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले फाइंडरचं मॅग्निफिकेशन, यावर त्याची अचूकता ठरते; गुणाकार मोठा, तर अचूकता जास्त. १९५४च्या लायका एम३ मध्ये हा गुणाकार ६३ मिमीच्या आसपास येतो, ०.७२ फाइंडरच्या एम६ मध्ये सुमारे ५०, तर बेसा आर मध्ये साधारण २५. बेसा आर वर ९० मिमी एफ/२ मागितली, तर आम्ही एफ/४ ची दाखवतो, तिच्यात फोकसची थोडी चूक खपते.

फ्रेमलाइनही (फोटोत किती येईल ते दाखवणारी फाइंडरमधली चौकट) आधी बघून घ्या. एम३ मध्ये ५०, ९० आणि १३५ च्याच आहेत. ३५ लावायची तर चष्म्यावाली (फाइंडरसमोर जादा काचा असलेली) जुनी लेन्स किंवा वेगळा फाइंडर लागतो. तुम्ही स्वतः चष्मा वापरत असाल, तर ०.७२ फाइंडरमध्ये २८ ची चौकट कडेपर्यंत दिसणं अवघड जातं. स्क्रू माउंटच्या (आट्यांनी बसणाऱ्या) लेन्सला एम अडॅप्टर घेताना फोकल लेंथ (मिमीचा आकडा) सांगा. लायका एम बॉडीवर कोणती फ्रेमलाइन उघडायची हे अडॅप्टरची रिंगच ठरवते. ३५ च्या लेन्सला ५० ची रिंग लावली, तर चौकट ५० चीच दिसणार.

ज्युपिटर आणि इंडुस्टार या सोव्हिएत लेन्स आम्ही आवडीने ठेवतो, पण विकताना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. त्यांच्या फोकसचं माप (‘५० मिमी’ची प्रत्यक्षातली फोकल लेंथ) कॉन्टॅक्स या जर्मन कॅमेऱ्यावरून आलेलं, सुमारे ५२.४ मिमी धरून; लायकाचं ५१.६. त्यामुळे लायकावर ५० मिमीची ज्युपिटर जवळ आणि लांब अशा दोन्ही ठिकाणी पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला अचूक बसत नाही. शिम (पातळ चकती) घालून आम्ही ती एका अंतरासाठी जुळवतो. ‘सगळीकडे परफेक्ट करून द्या’ या आग्रहाला आमच्याकडे नकारच आहे. झोर्की किंवा फेड या सोव्हिएत कॅमेऱ्यांवर तीच लेन्स लावलीत, तर हा प्रश्नच येत नाही.

जुनी लेन्स दुसरीकडून घेत असाल, तर मागून टॉर्च मारून बघा. धूळ सोडून द्या. आतल्या काचेवरचं धुकं बहुतेकदा साफ होतं, बुरशीने मात्र कोटिंग खाल्लं असेल तर तो डाग राहतो. आम्ही विकलेली प्रत्येक लेन्स अशी पाहून आणि १ मीटर, ३ मीटर व अनंत अशा तीन अंतरांवर तपासून जाते. घेताना बॉडी सोबत आणलीत, तर ही तपासणी तुमच्याच बॉडीवर करून देतो, वेगळे पैसे न घेता.

पाठवताना लेन्स बॉडीवरून काढून, मागची टोपी लावून, दोन्ही एकाच खोक्यात वेगवेगळं गुंडाळा. अडॅप्टर रिंग असेल तर तीही घाला. चिठ्ठीत तुम्ही बहुतेक फोटो किती अंतरावरून आणि कोणत्या अ‍ॅपर्चरला काढता ते लिहा, आणि वर्तमानपत्राच्या त्या तीन फ्रेमही सोबत ठेवा.