तिन्हीसांजेचा साक्षीदार

हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावाला गेलात तर एक गोष्ट मुद्दाम बघा. उजेड असतो तोवर होड्यांवरचे तांबडे बावटे लांबून उठून दिसतात. दिवस मावळला, सुवर्णदुर्गाची तटबंदी काळवंडली, की सगळ्यात आधी काळे पडतात ते हेच बावटे. हिरवे-निळे मात्र अजून उजळ असतात. मागच्या खेपेस मी एका होडीकडे बोट दाखवून विचारलं, "काका, ती काळ्या बावट्याची होडी कुणाची?" जाळं आवरत बसलेले तांडेल म्हणाले, "काळा नाय, तांबडा हाय तो." होडी जवळ आली. बावटा तांबडाच होता.

मी खोटं बोलत नव्हतो. कुणी विचारलं असतं तर शपथेवरही काळाच सांगितला असता.

आपल्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी रंग ओळखतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. उजेड ओसरला की काम दंडपेशींवर येतं. त्यांना रंग कळत नाहीत आणि तांबडा प्रकाश तर जवळजवळ जाणवतच नाही. 19व्या शतकाच्या सुरुवातीला पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे टिपून ठेवलं. आता बावट्याच्या जागी पळून जाणाऱ्या माणसाचा सदरा ठेवा, आणि साक्ष तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडातली समजा.

डोळ्यांनी नीट पाहिलं तरी पुढे आठवण असते, आणि ती पेटीत ठेवलेल्या फोटोसारखी तशीच्या तशी राहत नाही. 1974 साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्यांचा 'चक्काचूर झाला' तेव्हा किती होता? आठवड्याने दोन्ही गटांना विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? 'चक्काचूर' ऐकलेल्या 50 जणांपैकी 16 जण हो म्हणाले, 'धडकल्या' ऐकलेल्या 50 पैकी 7. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. एक शब्द पुरला. मग चौकीत चार वेळा 'हाच ना तो?' असं विचारल्यावर आठवणीचं काय होत असेल?

"जिवावर बेतलेल्या प्रसंगातला चेहरा कोण विसरेल?" असं आपण सहज म्हणतो. अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सैनिकांची अर्धा तासाहून जास्त वेळ समोरासमोर कठोर उलटतपासणी झाली. सरावाच्या कैदेतून सुटल्यावर दुसऱ्या दिवशी ओळख परेडमध्ये तो तपासनीस बरोबर ओळखता आला जेमतेम 30 टक्के सैनिकांना.

हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. महाराष्ट्रातल्या 2003 च्या खून-बलात्काराच्या खटल्यात भटक्या समाजातल्या सहा गरीब माणसांना 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी सुनावली. 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून भलतेच चौघे ओळखले होते, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. मधली दहा वर्षं हे सहा जण जिवंत राहिले, म्हणून सुटले.

फाशीच हवी म्हणणाऱ्या, लेकरू गमावलेल्या आईबापांचा संताप मला समजतो. पण चुकीचा माणूस फासावर गेला तर त्यांचा खरा गुन्हेगार मोकळाच राहतो. 2014 मध्ये त्रिपुरातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की गुन्हा सिद्ध झाल्यावरही मनात थोडा संशय उरू शकतो, आणि शिक्षा ठरवताना तो जमेस धरावा. माझ्या मते एवढा संशयसुद्धा फाशी रोखायला पुरे.

अमेरिकेतल्या मेरीलँडच्या कर्क ब्लड्सवर्थला 1985 मध्ये एका लहान मुलीच्या खुनासाठी फाशी ठोठावली गेली. पाच जणांनी त्याला ओळखलं होतं. तोवर जगात एकाही खुनाच्या तपासात डीएनए वापरलेला नव्हता. फेरखटल्यात फाशीची जन्मठेप झाली आणि 1993 मध्ये डीएनए चाचणीने तो सुटला. 2003 मध्ये त्याच पुराव्यातून खरा खुनी सापडला. ब्लड्सवर्थ कैदेत असताना हा खुनीही त्याच तुरुंगात, दुसऱ्या गुन्ह्यासाठी शिक्षा भोगत होता. ब्लड्सवर्थ तिथल्या ग्रंथालयात काम करायचा, आणि त्याला पुस्तकं नेऊन द्यायचा.