पर्जन्यजल-प्रदूषण व विसर्ग-संमती : खानदेश

पावसाचे पाणी रस्ते, बाजार, कारखान्यांची आवारे आणि मोकळ्या जमिनींवरून वाहताना तिथली घाण बरोबर घेते व नाल्यावाटे नदीत नेऊन टाकते. अशा पाण्याच्या विसर्गावर परवान्याच्या अटींद्वारे ठेवलेले नियंत्रण हा या नोंदीचा विषय आहे. भारतात या परवान्याला ‘संमती’ म्हणतात. कारखानदारांच्या बोलण्यात तो ‘कन्सेंट’ असतो. येथे खानदेश म्हणजे जळगाव, धुळे आणि (१९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला) नंदुरबार हे तीन जिल्हे धरले आहेत.

खानदेशाच्या मैदानी तालुक्यांत वार्षिक पाऊस ढोबळमानाने ५०० ते ७५० मिमी. असून तो बहुतांशी जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. उरलेले सात-आठ महिने तापीला मिळणारे लहान नाले कोरडे असतात आणि कचरा, राडारोडा, राख त्यांच्या पात्रात व काठावर साचत जाते. त्यामुळे मृगाच्या पहिल्या दमदार पावसाचा लोट वर्षातला सर्वांत गढूळ व घातक ठरतो. धुळ्याला मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात. तेथील ट्रक-गॅरेजांच्या अंगणातली माती जळक्या ऑइलने काळी व चिकट झालेली असते. पहिल्या सरीबरोबर तीवर सप्तरंगी तवंग येतो आणि ते पाणी उतार धरून गटारात जाते. जळगावात लेंडी नाला, औद्योगिक वसाहतीतील डाळ मिलांची चुनी व प्लॅस्टिकचा चुरा, भुसावळकडे कोळसा व राखेचे साठे, सर्वत्र जिनिंगची धूळ, असे या घाणीचे स्थानिक घटक सांगता येतात.

संमती-पद्धतीचा उगम कोठला, याविषयी दोन मते आहेत. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ हा अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ जल कायद्यापाठोपाठ आल्याने तो त्याच धर्तीवर बेतला, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार त्याचे मूळ इंग्लंडच्या १९५१ च्या नदी-प्रदूषण प्रतिबंधक कायद्यात आहे. नवा किंवा फेरफार केलेला निर्गम (पाणी बाहेर सोडण्याची वाट) वापरात आणण्यापूर्वी आणि नवा विसर्ग सुरू करण्यापूर्वी संमती घ्यावी, ही भारतीय अधिनियमाच्या कलम २५ मधील मांडणी इंग्लिश कायद्याच्या मांडणीशी जवळजवळ तंतोतंत जुळते. शिवाय महाराष्ट्राचा स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम १९६९ चा, म्हणजे अमेरिकन कायद्याच्या आधीचा आहे. हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

पावसाच्या पाण्यापुरता मात्र अमेरिकेचा इतिहास पाहावाच लागतो. तेथील १८९९ च्या कायद्याने नदीत कचरा टाकण्यास बंदी केली, पण रस्त्यांवरून व गटारांतून द्रवरूपात वाहून येणारी घाण त्यातून वगळली. १९७२ नंतरही तेथील केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेने पावसाळी निर्गमांना नियमाने सूट दिली होती. १९७७ मध्ये अपील न्यायालयाने, अशी सरसकट सूट देण्याचा अधिकार संस्थेला नाही, असा निर्णय दिला. १९८७ च्या दुरुस्तीने पावसाळी विसर्गासाठी वेगळी तरतूद झाली. त्यानुसार १९९० मध्ये एक लाख व त्याहून अधिक वस्तीची शहरे आणि ठरावीक उद्योग, तर १९९९ मध्ये लहान शहरे व एक एकरापासूनची बांधकामे परवान्याखाली आली. हा एक लाखाचा निकष २०११ च्या जनगणनेला लावला, तर जळगाव (सु. ४.६० लाख), धुळे (सु. ३.७५ लाख), भुसावळ (सु. १.८७ लाख) आणि नंदुरबार (सु. १.११ लाख) ही चारही शहरे त्यात बसतात.

महाराष्ट्रात संमती-पद्धत केव्हापासून धरावी, हेही संदर्भानुसार बदलते. १९६९ च्या अधिनियमाखाली संमती देणारे राज्य मंडळ (आजचे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ) १९७० मध्ये स्थापन झाले. १९७४ चा केंद्रीय अधिनियम राज्याने १९८१ मध्ये स्वीकारला. खानदेशातील उद्योगांना मंडळाच्या नाशिक प्रादेशिक कार्यालयाच्या कक्षेत संमती दिली जाते.

शहरभरच्या पावसाळी गटारांसाठी स्वतंत्र संमती १९७४ च्या अधिनियमात नाही. तरीही त्याच्या व्याख्या वाटतात त्याहून रुंद आहेत. ‘प्रवाह’ या संज्ञेत नदीबरोबरच जलमार्गही येतो, मग तो वाहता असो वा त्या काळापुरता कोरडा. उन्हाळ्यात क्रिकेटचे मैदान झालेला नालाही या व्याख्येने प्रवाहच ठरतो, आणि त्यात टाकलेला गाळ किंवा राख हा कलम २४ चा (प्रवाहात घाण टाकण्यास मनाई) विषय होऊ शकतो. उघड्या गटारांतील सांडपाणी अधिनियमाने मलजलात धरले आहे. खानदेशातील गावांत न्हाणीघराचे पाणी आणि पावसाचे पाणी एकाच गटारातून जाते, हे ध्यानात घेतल्यास नवा कायदा न करताही नगरपालिकांच्या संमतीत पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई, काढलेल्या गाळाची विल्हेवाट यांसारख्या अटी घालता येतील. त्या घालणे अगत्याचे आहे.

उद्योगांबाबत पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील उद्योगनिहाय मानके अधिक स्पष्ट आहेत. रंग, सेंद्रिय रसायने, विद्युत्-विलेपन (इलेक्ट्रोप्लेटिंग) अशा काही वर्गांत पावसाचे पाणी सांडपाण्यात किंवा फरशी धुतलेल्या पाण्यात मिसळू देता येत नाही. ते वेगळ्या नालीने एचडीपीईचे (जाड प्लॅस्टिकचे) अस्तर लावलेल्या खड्ड्यातून न्यावे लागते, आणि खड्ड्यात ताशी सरासरीने १० मिनिटांचा पाऊस मावला पाहिजे. एक हेक्टर पक्क्या आवारावर ताशी ३० मिमी. पाऊस धरला, तर १० मिनिटांत ५ मिमी., म्हणजे ५० घनमीटर (५०,००० लिटर) पाणी जमते. सरासरी कोणत्या तासाची, याचे दोन अर्थ निघतात : पावसाळ्यातल्या सर्वसाधारण तासाची की जोराच्या पावसाच्या तासाची. पहिल्या अर्थाने खड्डा फारच लहान होतो. वळवाच्या पावसात ताशी ६० मिमी.चा वेग आला, तर वरचा ५० घनमीटरचा खड्डाही पाच मिनिटांत भरेल. म्हणून खानदेशाच्या पर्जन्यमानाला दुसरा अर्थच योग्य होय. आधीच्या सरीचे पाणी उपसून खड्डा रिकामा ठेवला नसेल, तर कोणत्याही मापाचा उपयोग नाही.

अंमलबजावणीतील खरी अडचण नमुना घेण्याची आहे. कलम २१ नुसार न्यायालयात पुरावा म्हणून टिकणारा नमुना घेताना भोगवटादाराला जागेवरच सूचना द्यावी लागते, आणि त्याने मागणी केल्यास नमुन्याचे दोन भाग करून ते सीलबंद करावे लागतात. नाल्याचा लोट मात्र तासा-दोन तासांत ओसरतो आणि अनेकदा रात्रीच येतो. अंतर्देशीय पृष्ठजलात सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा (जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, ३० मिग्रॅ./लि., निलंबित घनपदार्थ १०० मिग्रॅ./लि.) वर्षभर वाहणाऱ्या निर्गमावर तपासणे सोपे असते, पण पहिल्या लोटातील गढूळपणात कारखान्याचा वाटा किती आणि वरच्या शेतातल्या काळ्या मातीचा किती, हे वेगळे काढणे अवघड जाते. त्यामुळे या विसर्गासाठी आकड्यांच्या मर्यादेपेक्षा कृतीच्या अटी, जसे माल छपराखाली ठेवणे, आवार मे महिन्यात कोरडे झाडून घेणे, डिझेलच्या टाकीभोवती बांध घालणे, जास्त परिणामकारक ठरतात.

शेतातून येणारा अपवाह (वाहून येणारे पाणी) अमेरिकेत कायद्यानेच परवान्यातून वगळलेला आहे. भारतात तो व्यवहारात संमतीबाहेर राहतो. रावेर–यावलच्या केळीच्या बागा आणि कपाशीची रासायनिक खते या पद्धतीच्या कक्षेत येत नाहीत. नंदुरबारच्या मिरची पथाऱ्या (मिरची वाळवण्याच्या जागा) मोकळ्या मैदानावर असतात व अवकाळी पावसात तेथील पाणी लाल होऊन वाहते. नंदुरबार जिल्ह्याच्या खालच्या अंगाला तापीचे पाणी गुजरातमधील उकाई जलाशयात मिळते.