गृहचौकशी (कल्याणकारी साहाय्यासाठी)

उत्पन्न व मालमत्ता ठरावीक मर्यादेत असेल तरच मिळणाऱ्या सरकारी साहाय्यासाठी अर्जदाराच्या घरी जाऊन केलेली पाहणी. पगाराचा दाखला आणि बँकेचे पासबुक पाहून पैशाचा हिशेब लागतो; घरात कोण राहते, चूल एक आहे की वेगळी, हे कागद सांगत नाही. त्यामुळे निरीक्षकाची नजर कपाटातल्या पुरुषी कपड्यांवर, दाढीच्या सामानावर, अंथरुणांच्या संख्येवर जाते. चौकशी पैशाची असली तरी झडती होते ती नात्यांची.

महामंदीच्या काळात ब्रिटनमध्ये १९३१ साली बेकारी विम्याची मुदत संपलेल्यांना ही पद्धत लागू झाली. मुलामुलींची कमाई, म्हाताऱ्यांचे पेन्शन, साठवलेली शिल्लक असे सगळे कुटुंबाच्या खात्यात धरले जाई. बापाचा भत्ता कापला जाऊ नये म्हणून कमावती मुले घर सोडून गेली. संपूर्ण कुटुंबाचे उत्पन्न मोजण्याचा हा नियम १९४१ च्या कायद्याने गेला. लोकांच्या मनातला राग मात्र पुढे कित्येक वर्षे राहिला.

अमेरिकेत १९६० च्या दशकात एकट्या मातांच्या घरी रात्री-पहाटे छापे पडत. कॅलिफोर्नियातील अलामेडा काउंटीत बेनी पॅरिश या समाजसेवा कर्मचाऱ्याने १९६३ मध्ये अशा छाप्याला जाण्यास नकार दिला आणि नोकरी गमावली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. मदत बंद होण्याच्या धास्तीने दार उघडणे ही खरी संमती नव्हे, हे त्या निकालाचे मर्म होते.

देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९७१ मध्ये ‘वायमन विरुद्ध जेम्स’ खटल्यात उलट भूमिका घेतली. आगाऊ कळवून, दिवसा केलेली भेट ही झडती नाही. अर्जदार नकार देऊ शकतो, फक्त मदत थांबते, असे बहुमताने ठरले. ज्या घरात त्या मदतीवरच पोरांचे जेवण अवलंबून आहे, तिथे या ‘फक्त’ला काय अर्थ उरतो? न्यायमूर्ती डग्लस यांनी भिन्नमतात सरळ विचारले, की सरकारी अनुदान घेणाऱ्या श्रीमंत शेतकऱ्याच्या बाबतीतही हाच न्याय लावला असता का.

याच निकालाच्या आधारे सॅन दिएगो काउंटीतील सरसकट गृहभेटी २००६ मध्ये संघीय अपील न्यायालयाने वैध ठरवल्या. त्या भेटींसाठी जिल्हा सरकारी वकिलांच्या कार्यालयातील फसवणूक-तपासनीस येत, आणि त्यांना फसवणुकीचा संशय असण्याची गरज नव्हती.