कॉव्हेंट्री, गॉर्डन

कॉव्हेंट्री, गॉर्डन : (२५ सप्टेंबर १९०१ – ७ नोव्हेंबर १९६८). ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल या हात व पाय दोन्ही वापरून खेळल्या जाणाऱ्या खेळातील गोलवीर. जन्म व्हिक्टोरिया राज्यातील डायमंड क्रीक येथे. १९२० ते १९३७ या काळात व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमध्ये (व्हीएफएल) कॉलिंगवुड या संघाकडून ३०६ सामने, १,२९९ गोल. लीगमध्ये ३०० सामन्यांचा टप्पा त्यानेच प्रथम गाठला. थोरला भाऊ सिड संघाचा कर्णधार होता. जॉक मॅकहेल प्रशिक्षक.

कॉव्हेंट्री गोलासमोरच्या फुल-फॉरवर्डच्या जागी खेळे. बळकट हातांनी चेंडू झेलणे, म्हणजेच ‘मार्क’ घेणे, हे त्याचे बलस्थान. १९२९ मध्ये त्याने १२४ गोल केले. व्हीएफएलच्या एका हंगामातील हे पहिले शतक. १९३० मध्ये फिट्झरॉयविरुद्ध एकाच सामन्यात त्याने १७ गोल केले. हा विक्रम १९४७ पर्यंत टिकला. लीगमध्ये सर्वाधिक गोल करण्याचा मान त्याला साधारणतः सहा वेळा दिला जातो. मात्र अंतिम फेऱ्यांतील गोल धरायचे की नाही, यावर अशा याद्या अवलंबून असतात.

त्या काळी गोलांची संख्या एवढी का वाढली, याविषयी दोन मते आढळतात. एक मत कॉलिंगवुडच्या झटपट पासांच्या खेळाला श्रेय देते. दुसरे १९२५ च्या नियमबदलाकडे बोट दाखवते : चेंडू सीमेबाहेर घालवणाऱ्या संघाविरुद्ध फ्री किक मिळू लागल्याने खेळ कडेचा राहिला नाही, मैदानाच्या मध्यातून होऊ लागला आणि फुल-फॉरवर्डकडे चेंडू अधिक येऊ लागला. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते, कारण वाढ एकट्या कॉलिंगवुडपुरती नव्हती. १९३४ मध्ये साउथ मेलबर्नच्या बॉब प्रॅटने १५० गोल केले. हा नियम १९३९ मध्ये बदलला. तरीही कॉव्हेंट्रीचे सातत्य नियमाने पुरते उलगडत नाही, हे मान्य करावे लागते.

१९२७ ते १९३० मधील सलग चार व १९३५ चे, अशा पाच विजेतेपदांत तो खेळला. १९२८ च्या अंतिम सामन्यात त्याचे ९ गोल होते. १९३६ मध्ये रिचमंडच्या खेळाडूला मारल्याबद्दल त्याच्यावर आठ सामन्यांची बंदी आली. मानेवरच्या गळवांवर आधी आघात झाल्याने त्याचा तोल सुटला, असे सांगितले जाते. अंतिम सामना त्याच्याविनाच कॉलिंगवुडने जिंकला.

१,२९९ हा आकडा ‘ऑस्ट्रेलियन विक्रम’ म्हणून देणे अचूक नाही. साउथ ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये केन फार्मरने १,४१७ गोल केले होते. व्हीएफएल व तिची उत्तराधिकारी एएफएल यांपुरता तो विक्रम ६ जून १९९९ रोजी सिडनीत टोनी लॉकेटने मोडला, तोही कॉलिंगवुडविरुद्ध. मेलबर्नच्या डॉकलँड्स मैदानाची दोन टोके कॉव्हेंट्री व लॉकेट यांच्या नावांनी ओळखली जातात.