कम्युनिटी पोस्टिंग केलं म्हणजे पब्लिक हेल्थ शिकलो असं होत नाही

फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेन्सीत, म्हणजे फॅमिली डॉक्टर घडवणाऱ्या प्रशिक्षणात, पब्लिक हेल्थ शिकवता का असं विचारलं की लगेच हो म्हणतात आणि फोटो दाखवतात. आरोग्य शिबिर, शाळेतली तपासणी, बीपीचं मशीन घेऊन बसलेले दोन रेसिडेंट. अहो ही ओपीडीच आहे, फक्त टेबल बाहेर मांडलंय.

कम्युनिटी पोस्टिंग म्हणजे रेसिडेंटला काही दिवस हॉस्पिटलबाहेर लोकांच्यात कामाला पाठवणं, त्यात लोकांची परिस्थिती कळते, चांगलंच आहे, करावं. पण तिथेही एका वेळी एकच पेशंट समोर असतो आणि तो स्वतःहून आलेला असतो, सगळी गोची इथेच आहे. पब्लिक हेल्थ सुरू होतं ते न आलेल्यांपासून. शाळेतले अंश आणि छेद आठवा. डॉक्टरला रोज अंशच दिसतो, म्हणजे आलेले पेशंट, छेद म्हणजे आलेले-न आलेले सगळे, तो कोणीतरी मुद्दाम बसून काढावा लागतो.

समजा क्लिनिकच्या यादीत डायबेटिसचे २४० जण आहेत. वर्षभरात एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, झाली १८० जणांची, त्यातल्या १२६ जणांची शुगर आटोक्यात. रेसिडेंट लिहितो ७० टक्के कंट्रोल, सगळे खूश. आता २४० ने भागा, साडेबावन्न टक्क्यांचीच खात्री देता येते. उरलेले ६० जण त्या रिपोर्टात कुठेच नाहीत, आणि ते बरे आहेत म्हणून येत नसतील असं धरून चालणं भाबडेपणा झाला. ज्यांना आपल्याला डायबेटिस आहे हेच माहीत नाही ते तर २४० मध्येपण नाहीत!

बरं, या ६० जणांना फोन करून बोलावलं तरी ते क्लिनिकल कामच. ते का येत नाहीत हे शोधायचं, क्लिनिकच्या वेळेत सगळे कामावर असतात का, एकाच वस्तीतले आहेत का, मग त्यातली एक गोष्ट बदलायची आणि पुढच्या वर्षी परत त्याच पूर्ण यादीने भागून बघायचं, याला म्हणतात पब्लिक हेल्थ.

आणि हे नवीन फॅड वगैरे नाही. सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर जोडप्याने १९४० पासून दक्षिण आफ्रिकेतल्या फोलेला या ग्रामीण भागात उपचार आणि लोकवस्तीचा अभ्यास एकाच केंद्रातून केला. वेल्समधले ज्युलियन ट्यूडर हार्ट खाणकामगारांच्या गावातले साधे जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, त्यांनी आपल्या यादीतल्या सगळ्या प्रौढांचं बीपी मोजायचं मनावर घेतलं. जिथे गरज जास्त तिथेच चांगली सेवा कमी पोचते हे १९७१ मध्ये त्यांनीच मांडलं.

पण लेक्चरला मात्र दरवेळी लंडनचा डॉक्टर जॉन स्नो, १८५४ ची कॉलराची साथ, दूषित पाण्याच्या पंपाचं हँडल काढलं, टाळ्या, चहा. त्याच स्नोने लंडनमध्ये कुठल्या कंपनीचं पाणी किती घरांना जातं ते काढून दर दहा हजार घरांमागे कॉलराचे मृत्यू मोजले होते, एका कंपनीच्या घरांत ३१५ आणि दुसरीच्या ३७. छेदाचं इतकं सुंदर उदाहरण सोडून हँडल काय घेऊन बसता!

पब्लिक हेल्थ शिकायच्या बाकीच्या वाटांमधले फरक किरकोळ. एमपीएच ही पब्लिक हेल्थची मास्टर्स डिग्री, प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन, म्हणजे रोग टाळण्याचं वैद्यक, ही वेगळी रेसिडेन्सी, अमेरिकेत ती फॅमिली मेडिसिनसोबत मिळून चार वर्षांत करता येते, ज्याला हवी त्याने करावी. फक्त रेसिडेन्सीला एमपीएच चिकटवली की झालं क्लिनिक आणि पब्लिक हेल्थचं इंटिग्रेशन, हे मला पटत नाही. दिवसा क्लिनिक, रात्री ऑनलाइन बायोस्टॅट, म्हणजे आरोग्याची आकडेवारी, आणि दोन्हीची कधी गाठच नाही.

पब्लिक हेल्थसाठी सलग दोन आठवड्यांचा ब्लॉक तर त्याहून वाईट, यादी नीट करेपर्यंतच संपतो. मला विचाराल तर आठवड्यातला अर्धा दिवस राखून ठेवा, पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत, आणि रेसिडेंटला त्याच्याच पेशंटची यादी द्या. त्या अर्ध्या दिवसात त्याला ओपीडीला ओढायचं नाही, कितीही गर्दी असली तरी.